उलात

सिव हुआ पालथी छत्री धरून वेतांच्या जाळीखाली उभी,
आणि माझा नवरा जेलियान काठीनं फांदी झोडपतोय.
पानं पडली, मुंग्या, कुजका पाचोळा, एक भेदरलेलं बेडकाचं पिल्लू,
आणि तो.
भाताच्या दाण्याएवढा.
पळाला नाही. वळला.
पुढे चार डोळे, त्यांतले दोन
ट्रकच्या दिव्यांएवढे वाटावेत असे,
आणि त्या दिव्यांच्या आत काहीतरी सरकत होतं,
काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं परत काळं.
"बघतोय," ती म्हणाली. "बुबुळ हलत नाही त्याचं,
आतला पडदा हलतो."
मी साठीची.
मला इतकं नीट
फार थोड्यांनी पाहिलंय.

रात्री ओसरीवर, जनरेटर बंद व्हायच्या आत,
तिनं जाड पुस्तक काढलं. ते नुसते प्रश्न विचारतं.
जबड्यावर मागचा दात एक की दुभंगलेला?
तिसरा पाय चौथ्याहून लांब का?
कपाळावर पांढरे खवले आहेत, की धूळ?
हो म्हणत, नाही म्हणत ती आत आत गेली,
आपण नदीच्या फाट्याफाट्यानं वर जावं तशी,
आणि पोचली तिथं गावच नव्हतं.

मग भिंग माझ्या हातात दिलं.
तोंडापाशी दोन आखूड हात, टोकाला सुजल्यासारखे,
बॉक्सिंगचे मोजे घातलेले.
"नर आहे. पण एक कात राहिलीय टाकायची.
मोज्याच्या आत जो काटा वळतोय
तो याचं कुळ सांगेल. तोवर नाव नाही."

मी हसले. आमच्यातही
मूल जन्मलं की लगेच नाव ठेवत नाहीत.
उलात म्हणायचं. म्हणजे अळी.
माझा थोरला सात महिने उलात होता.
नाव असलं की कुणीही हाक मारू शकतं,
ज्यांनी मारू नये तेसुद्धा.
मग भाताचे गोळे मांडायचे,
एकेका पूर्वजाच्या नावाचा एकेक,
कोंबडा ज्यावर आधी चोच मारेल ते नाव.
सिव हुआनं वहीत लिहून घेतलं.
म्हणाली, "कोंबडा माझ्या पुस्तकापेक्षा लवकर ठरवतो."

तिला ताप आला, जेलियाननं तिला बोटीनं दवाखान्यात नेलं.
बरणी माझ्याकडे.
कापसावर पाण्याचा एक थेंब, दिवसाआड दोन चिलटं.
पिकलेलं केळं मी मुद्दाम उघडं ठेवायची.
शेजारची सेंदी म्हणाली, म्हातारपणी कोळी पोसतेस?
त्याला नाव नव्हतं,
मला मात्र सगळं घर नावं ठेवत होतं.

नवव्या दिवशी झाकणाच्या कोपऱ्यात त्यानं पांढरा तंबू विणला
आणि आत जाऊन बसला. खाईना.
मला वाटलं, गेला.
पहाटे पाहते तर दोघं.
एक रिकामा, आठही पाय शाबूत,
डोळ्यांवरच्या काचासुद्धा जागच्या जागी.
दुसरा ओला, तांब्याच्या रंगाचा,
मोज्यावर गळासारखा वाकडा काटा.
मला पाहून त्यानं हात वर केले,
एक, मग दुसरा. ओळखलं की धमकावलं, देव जाणे.

सिव हुआ परत आली, वाळलेली, डोळे खोल.
बरणी पाहून आधी आनंदली,
मग पिशवीतली पाण्यासारखी बाटली काढली.
वासावरूनच कळलं मला,
आमच्या तांदळाच्या दारूपेक्षा कडक.
"कातीनं नाही भागणार?"
"नाही," ती म्हणाली. "मोजे त्यात रिकामे आहेत."
तिनं लगेच ओतलं नाही. चहा मागितला.
चहा निवेपर्यंत तो आम्हा दोघींकडे
आळीपाळीनं बघत होता.

चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहितात, शाई त्या पाण्यात विरघळते.
नदी, उंची, वेताची जाळी, तारीख,
सांभाळणारी: एम्पियांग.
नावाची जागा मोकळी.

कात माझ्या पानाच्या डबीत आहे.

दोन वर्षांनी तिचं पत्र आलं, नातवानं वाचून दाखवलं.
काटा कुणाशीच जुळत नाही. नाव अजून नाही.
आता याची मादी हवी म्हणे.
जेलियानचे गुडघे दुखतात, काल रात्रभर कण्हत होता.
सकाळी बघते तर
छत्री खांद्याला, काठी शोधतोय.